शंभरपर्यंत म्हणजे किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



माझ्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर ‘घरातील इंटरनेटचा वेग’ असे छापले आहे. ते वाचून ‘हा विषय पुरुषमंडळींचा, फार तर नातवंडांचा’ असे म्हणत दोघी-तिघी बटाटेवड्यांच्या तयारीला आत निघाल्या होत्या. त्यांना मी मुद्दाम बसवून घेतले आहे. कारण हा विषय मुळात मापाचा आहे, आणि माप ही आपली विद्या आहे. दुधात पाणी किती, वाण्याच्या तराजूचा काटा कुठे अडतो, कापडवाल्याची वार कुठे आखडते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग दरमहा पाचसहाशे रुपये मोजून जी वस्तू आपण घरात घेतो, तिचे माप मात्र आपल्यापैकी बहुतेकींनी एकदाही घेतलेले नाही, हे कसे?

याचे एक कारण असे की हे माप परके वाटते. परंतु परके माप आपल्या घरात पहिल्यांदाच आलेले नाही. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि पुढच्या पाचसहा वर्षांत शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. आपल्या सासवांनी काही दिवस कुरकुर केली असेल, पण मग पावशेराचे किती ग्रॅम हा हिशेब त्यांनी असा पाठ केला की वाण्याची छाती झाली नाही. तेव्हा मेगाबिट शिकायला आपल्याला काही जड जाऊ नये.

मेगाबिट म्हणजे काय ते आधी सांगते. इंटरनेटवरून जे काही येते, मग ते नातवाचे छायाचित्र असो की कीर्तनाचे ध्वनिमुद्रण, ते बारीक कणांच्या रूपाने येते. त्या कणाला बिट म्हणतात. असे दहा लाख कण म्हणजे एक मेगाबिट. एका सेकंदात असे किती मेगाबिट आले, तो आपला वेग. आता यात पहिलीच फसगत होते ती अशी. छायाचित्राचा किंवा चित्रपटाचा आकार मोजतात तो मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. इंग्रजीत लिहिताना एकात धाकटा ‘बी’ आणि दुसऱ्यात थोरला ‘बी’ काढतात, एवढाच काय तो फरक! म्हणून शंभर मेगाबिटांच्या जोडणीवर एका सेकंदात शंभर मेगाबाइट उतरत नाहीत, साडेबारा उतरतात. यात कंपनीची लबाडी नाही, मापच तसे आहे. परंतु जाहिरातीत मोठा आकडा दिसणारे मापच वापरले जाते, हेही खरे. तोळा आणि ग्रॅम यांतला फरक सोनाराच्या दुकानात आपण विसरत नाही, तसा हाही विसरू नये.

आता जाहिरातीकडे वळू. रस्त्यावरच्या फलकावर काय लिहिलेले असते? ‘१०० मेगाबिटपर्यंत वेग’. शंभर हा आकडा परातीएवढा, आणि ‘पर्यंत’ हा शब्द मोहरीएवढा. माझे तुम्हाला सांगणे एवढेच की आकड्याआधी तो मोहरीएवढा शब्द वाचा. हळदीकुंकवाला ‘शंभर बायकांपर्यंत पुरेल एवढी खिरापत पाठवतो’ असे एखाद्या आचाऱ्याने सांगितले आणि साठच वाट्या पाठवल्या, तर आपण ‘पर्यंत म्हणाला होता बिचारा’ असे म्हणून गप्प बसू काय?

या ‘पर्यंत’चे काय करावे, हा प्रश्न इतरत्रही पडला आहे. इंग्लंडात २०१८ सालच्या मे महिन्यापूर्वी जाहिरातीचा नियम असा होता की शंभरातील दहा ग्राहकांना जरी तो वेग मिळत असला तरी कंपनीने तो खुशाल फलकावर लिहावा. म्हणजे उरलेल्या नव्वदांनी फलकाकडे बघून समाधान मानायचे! लोकांनी फार ओरड केल्यावर २३ मे २०१८ पासून नियम बदलला. आता तेथे निम्म्या तरी ग्राहकांना, आणि तोही रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी, जो वेग मिळतो तोच जाहिरातीत लिहावा लागतो. नियम बदलणाऱ्याला प्रपंच ठाऊक असला पाहिजे. कारण पहाटे तीन वाजता वेग किती हे कोणाला हवे आहे? घरातली सगळी माणसे जेवून बसली की मगच खरी परीक्षा.

आपल्याकडे काय नियम आहेत? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, ते टेलिफोनच्या तारेवरून. पुढे २००४ च्या धोरणात सरकारने ठरविले की सेकंदाला २५६ किलोबिट, म्हणजे पाव मेगाबिट, वेग असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणावे. २०१३ साली हा उंबरठा ५१२ किलोबिट झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. म्हणजे ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर भुलून जाण्याचे कारण नाही. दोन मेगाबिटांनाही ते नाव कायद्याने लागते. टेलिफोन-इंटरनेटचे नियमन करणारी जी संस्था आहे, जिला सारे ट्राय म्हणतात, तिने २००६ सालच्या नियमांत लिहिले होते की ग्राहकाने जो वेग घेतला असेल त्याच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग त्याला मिळाला पाहिजे. ऐकायला फार छान वाटते. परंतु तेथे पुढे शब्द होते, ‘कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत’. त्या केंद्रापलीकडे जगात जो रस्ता आहे, तो त्या मापात येत नव्हता. ऑक्टोबर २०२४ पासून त्या जुन्या नियमांच्या जागी ट्रायचे नवे नियम लागू झाले आहेत. नियमांची भाषा मात्र अजूनही अशी, की ती वाचून घरातल्या बाईने आपला वेग बरोबर की चूक हे ठरवावे, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

वेग जातो कुठे? मी टेलिफोन खात्यात नोकरी केलेली असल्यामुळे हा प्रश्न मला बायका जिन्यात गाठून विचारतात. त्याचे पहिले उत्तर वाटणीचे आहे. फायबरची जी काचेची तार आपल्याकडे आली आहे, ती प्रत्येक घराला केंद्रापासून स्वतंत्र नसते. एक तार वस्तीपर्यंत येते आणि तेथे तिच्या फांद्या होतात. जी पद्धत आपल्याकडे फार चालते, तीत त्या मूळ तारेवरून सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट येतात आणि ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी तोंड भरून घ्यायचे ठरविले, तर एकेकीच्या वाट्याला एकोणचाळीस मेगाबिटही येत नाहीत. तसे सहसा होत नाही, म्हणूनच शंभर-शंभर विकून धंदा चालतो, आणि तो अगदीच खोटा धंदा नाही. पंगतीला पन्नास पाने वाढून शंभर माणसे जेवू घालता येतात, फक्त सगळे एकदम येता कामा नयेत. अडचण होते ती पुढे. वस्तीतला लहान कंपनीवाला मोठ्या कंपनीकडून जेवढा वेग विकत घेतो, त्याच्या कितीतरी पट गिऱ्हाइके घेऊन बसतो. मग रात्री नऊ वाजता, आणि क्रिकेटचा सामना असला म्हणजे तर विचारूच नका, चक्र फिरत राहते.

दुसरे उत्तर आपल्याच घरात आहे, आणि ते सांगितले की बायकांना राग येतो. राउटरची डबी बैठकीच्या खोलीत, शोकेसच्या मागे, वर क्रोशाचा रुमाल, शेजारी पितळेचा समई-संच, आणि सून आतल्या खोलीत दार लावून ऑफिसची मीटिंग करते आहे. वायफायच्या लहरी धातूतून जात नाहीत, आरशातून परत फिरतात, पाण्यात विरतात. आपल्या पेठेत अजून जे थोडे वाडे शिल्लक आहेत त्यांच्या भिंती दीड-दीड हात जाड. अशा दोन भिंती ओलांडून शंभराचे दहा झाले, तर तो दोष वाडा बांधणाराच्या आजोबांचा. बहुतेक डब्यांतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती जरा बऱ्या ओलांडते पण हळू असते, आणि तिच्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह शेगडी चालते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीला लाजते. त्यामुळे वायफायवर वेग मोजून कंपनीशी भांडायला गेलात तर कंपनीचा माणूस हसून परत पाठवील, आणि त्यात त्याचे सगळेच चुकेल असे नाही.

म्हणून मोजायचे ते तारेने. राउटरच्या डबीत मागे चौकोनी भोके असतात, त्यात तार घालून ती सरळ लॅपटॉपला जोडावी. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही तेवढी पाच मिनिटे बंद करावे. मग चाचणी घ्यावी. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा, असे आठवडाभर. आणि एकाच चाचणीवर विसंबू नये. चाचणी घेणारे यंत्र कंपनीच्याच आवारात बसविलेले असेल तर निकाल नेहमी गोड येतो. मुलाची चौकशी मुलाच्या मामाकडे करावी, तसेच ते आहे. ट्रायने २०१६ साली ‘मायस्पीड’ नावाचे ॲप काढले, ते फोनवर चालते, पण घरच्या वायफायवरचे त्याचे माप हे वायफायचे माप, हे लक्षात ठेवावे. उतरण्याचा वेग लिहिताना चढण्याचा वेगही लिहावा. जाहिरातीत बहुधा उतरण्याचाच आकडा असतो, आणि ज्या बाईला समोरच्याला आपले तोंड दाखवून बोलायचे आहे तिचे काम चढण्याच्या वेगावर अडते.

हे मी एका उदाहरणाने सांगते. आमच्या मागच्या वाड्यात एक वहिनी राहतात. इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना त्या इंटरनेटवरून मराठी वाचायला-लिहायला शिकवितात. तिकडे मुले शाळेतून घरी येतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. या शिकवणीवर त्यांच्या घरचा बराचसा खर्च चालतो. गेल्या वर्षी असे होऊ लागले की बाराखडी म्हणताना मुलगा ‘का’ वर थिजायचा आणि परत हलायचा तो एकदम ‘कौ’ वर. आठ मुलांपैकी तीन मुलांच्या आयांनी अत्यंत गोड शब्दांत शिकवणी बंद केली. वहिनींनी कंपनीला फोन केला. तेथल्या मुलाने सांगितले, ‘मॅडम, तुमचा प्लॅन शंभरचा आहे, दोनशेचा घ्या.’ त्यांनी घेतला. महिन्याला दोनशे रुपये जास्त, वर जीएसटी. असे चौदा महिने गेले, आणि मुलगा ‘का’ वर थिजतच राहिला.

मग एके रविवारी आम्ही दोघींनी तार लावून मोजले. सकाळी चौऱ्याण्णव. दुपारी चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चौऱ्याण्णव. रात्री नऊला उतरण्याचा अठ्ठावीस, चढण्याचा चार. वहिनी रात्रीचा आकडा पाहून संतापल्या, पण माझे लक्ष सकाळच्या आकड्यावर होते. जो वेग गर्दीमुळे कमी होतो तो रोज वेगळा येतो, कधी सत्तर, कधी एकशेदहा. रोज न चुकता चौऱ्याण्णव येतो तेव्हा समजावे की वाटेत कुठेतरी शंभराचे माप बसविलेले आहे. शंभराच्या भोकातून आवरणाचा खर्च वजा जाता चौऱ्याण्णवच्याच आसपास हाती लागतात. कधी तारेच्या आत आठाऐवजी चारच धागे जोडलेले असतात, त्यानेही असेच होते. येथे तार ठीक होती. कंपनीने बसविलेल्या डबीचीच सारी तोंडे शंभराची होती. म्हणजे भगिनींनो, दोनशेचा प्लॅन विकताना ज्या डबीतून दोनशे कधीच येऊ शकत नाहीत, तीच डबी त्यांनी भिंतीवर तशीच ठेवली होती. दोन लिटरचे पैसे घ्यायचे आणि माप एक लिटरचेच ओतायचे, याला दुसरे काय म्हणावे?

आणि गंमत अशी की शिकवणीला दोनशेही नको होते आणि शंभरही नको होते. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे त्यांचा चांगल्यातला चांगला फोर-के चित्रपट पाहायला १५ मेगाबिट पुरतात आणि साध्या फुल-एचडीला ५. समोरासमोर बोलण्याला तर त्याहून कमी लागतात, फक्त ते खळ न पडता मिळाले पाहिजेत. वहिनी आतल्या खोलीत शिकवीत आणि डबी पुढच्या खोलीत कपाटामागे. तारेवर रात्री चार मेगाबिट चढत होते, पण दोन भिंती ओलांडून त्यांतला एकही धड पोहोचत नव्हता. वीस मीटरची तार आणून ती चौकटीच्या कडेने आत नेली, त्या रात्रीपासून ‘का की कु कू’ नीट ऐकू येऊ लागले. तारेला चारशे रुपये लागले. अर्थात गेलेल्या तीन मुलांपैकी एकच परत आला.

पैशांचा प्रश्न उरला. दोनशे रुपये गुणिले चौदा, अधिक १८ टक्के जीएसटी, मिळून ३,३०४ रुपये. वहिनींनी आकड्यांची वही घेऊन तक्रार नोंदविली व तक्रार-क्रमांक लिहून घेतला. उत्तर आले की जाहिरातीत ‘पर्यंत’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. यावर वहिनींनी जे लिहून पाठविले ते मला फार आवडले. त्यांनी लिहिले, ‘पर्यंत म्हणजे कधीतरी तेथपर्यंत जाता आले पाहिजे. तुमच्या डबीतून चौदा महिन्यांत एक क्षणही दोनशे येणे शक्य नव्हते. जेथे जाताच येत नाही त्याला मराठीत पर्यंत म्हणत नाहीत.’ मराठीच्या शिक्षिकेशी गाठ होती ती! पहिल्या खेपेला काही उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी अपील केले. २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचा निकाल पटला नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याने एकोणचाळीस दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. निर्णय असा आला की नवी डबी द्यावी आणि सहा महिन्यांचा फरक, म्हणजे १,४१६ रुपये, पुढच्या बिलांत वळता करावा. वहिनींनी ते मान्य केले आणि पुन्हा शंभराचा प्लॅन घेतला. रात्रीचा वेग आता सत्तरच्या घरात असतो, रविवारी पडतो.

उरलेल्या आठ महिन्यांसाठी त्यांनी पुढे जायला हवे होते असे माझे मत आहे, आणि ते मी त्यांच्यासमोरही सांगितले आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, पण ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वहिनींचे म्हणणे असे की आठ महिन्यांच्या पैशांसाठी चार खेपा घालण्यापेक्षा तेवढ्या वेळात दोन मुले शिकवून होतात. त्यांचेही खोटे नाही. मंडळात याविषयी दोन तट आहेत, ते मी आज मोडू इच्छीत नाही.

पैशांवरून आठवले म्हणून दोन गोष्टी भराभर सांगते. फलकावर ४९९ रुपये लिहिलेले असतात, पण १८ टक्के कर चढून बिल ५८८ रुपये ८२ पैशांचे येते. आणि ‘अमर्याद’ या शब्दालाही बहुधा मर्यादा असते. महिन्याला ठरावीक वापर झाला की वेग खाली आणतात. २०१६ साली ट्रायने आदेश दिला होता की ही मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर वेग किती, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तेव्हा जोडणी घेताना विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या.

या सगळ्यात एकटीने भांडले तर ‘तुमच्या घरात काहीतरी असेल’ हे उत्तर ठरलेले असते. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घराघरांचे संघ करून वाणसामान एकत्र घ्यायला लावले, त्यातले मर्म हेच की दहा घरांची यादी एकत्र झाली म्हणजे भाव आणि वजन दोन्ही सुधारतात. एकाच फांदीवरच्या पाच घरांत रात्री नऊला वेग पडला, अशी पाच वह्यांची नोंद समोर ठेवली तर भिंतीचे आणि कपाटाचे कारण सांगता येत नाही.

म्हणून चिटणीसबाईंच्या परवानगीने एक व्यवस्था केली आहे. दहा मीटरची तार, जुना पण चालणारा लॅपटॉप आणि आखलेली वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे आहे. सभासद भगिनीने ती एक आठवड्यासाठी घरी न्यावी, वहीत तारीख, वेळ, उतरण्याचा आणि चढण्याचा आकडा व प्लॅनचा आकडा लिहावा. लॅपटॉप हाताळण्याची सवय नसेल तिने गुरुवारी दुपारी चारनंतर मला हाक मारावी, मी येऊन लावून देईन. पहिले नाव कोणाचे घालायचे ते चहाच्या वेळी ठरवू. आणि ज्यांना मी वड्यांवरून उठवून आणले त्यांनी आता जायला हरकत नाही, तेल तापले असेल.